नाकावरची पहिली पुळी

आमचे घरमालक कोपऱ्यावर दूध आणायलासुद्धा चेहऱ्याला पावडर लावल्याशिवाय जात नसत. नांदेडात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पुढे दुकान, मागे ते नवरा-बायको राहायचे आणि वरच्या दोन खोल्यांत भाडेकरू म्हणून मी. हदगावची मी, ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला नांदेडला आले होते. खोली बघायला गेले तर त्यांनी आधी मला फोटोच्या स्टुलावर बसवलं, दिवा लावला आणि बराच वेळ नुसतं बघत राहिले. मला वाटलं, आता फोटो काढणार. त्यांनी दिवा बंद केला आणि मागे आवाज दिला, "अगं, चेहरा बरा हाय. देऊन टाकू खोली."

मी त्यांना काका म्हणायची आणि त्यांच्या बायकोला काकू. दोघं मूळचे उदगीरकडचे, लिंगायत. मूलबाळ नव्हतं. काकूंचं माहेर कर्नाटकाच्या हद्दीला लागून, त्यामुळे त्या चिडल्या की कानडीत शिरायच्या. "साकु!" म्हणाल्या की समजायचं, पुरे झालं. हे "साकु" बहुतेक वेळा आरशासमोर उभ्या असलेल्या काकांसाठी असायचं. सकाळी आंघोळ करून ते कपाळावर भस्माच्या तीन रेघा ओढत, त्यानंतर डावीकडून बघत, उजवीकडून बघत, एखादी रेघ वाकडी वाटली तर पुसून पुन्हा ओढत.

"महादेव काय पट्टी घेऊन बसलाय का तुमच्या रेघा मोजायला?" काकू म्हणायच्या.

"महादेव न्हाई बघत, गिऱ्हाईक बघतं," काका म्हणायचे.

दाढी रोज न्हाव्याकडे. रविवारी गच्चीवर वर्तमानपत्र अंथरून केसांना कलप. मिशी पेन्सिलीने काढल्यासारखी. मोबाइल आल्यापासून स्टुडिओचा धंदा पासपोर्ट फोटो आणि लग्नांच्या ऑर्डरवर आला होता, पण त्यांचा तोरा उतरला नव्हता. रागात असलेल्या माणसाचा फोटो ते काढत नसत. "जा, चहा पिऊन ये. हे तोंड मी सरकारला दाखवणार न्हाई," असं सांगून माणसाला परत पाठवत. कुणी वारलं की घरचे लोक जुना ग्रुप फोटो घेऊन यायचे, त्यातला आपला माणूस मोठा करून फ्रेममध्ये हवा असायचा. काका त्या माणसाच्या सुरकुत्या कमी करत, केस विंचरून देत आणि न विचारता अंगात कोट चढवत. एका म्हातारीने तक्रार केली की आमच्या मालकांनी जन्मात कोट घातला नव्हता. काका म्हणाले, "आजी, म्हणूनच घातला."

अशा माणसाला आजार झाला, तोही असा की सांगायची लाज वाटावी. शौचाला रक्त जायचं. काकांनी ते कित्येक महिने कुणाला सांगितलं नाही. मूळव्याध आहे असं स्वतःच ठरवून कुठलीशी पुडी घेत राहिले. वजन उतरायला लागलं तर त्यांना आनंदच झाला. पँटचा पट्टा आत आत सरकवत मला म्हणाले, "मॅडम, बघा कंबर. लग्नातला सफारी अंगात येऊन राहिला." काकू मागे उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वर माझ्या खोलीत येऊन त्यांनी मला सगळं सांगितलं. सांगताना पदर तोंडावर धरला होता.

नांदेडात दवाखान्यांची काही कमी नाही. पण काका नांदेडात कुणालाच दाखवायला तयार होईनात. "इथं अर्ध्या गावाचे फोटो मी काढलेत. दवाखान्याच्या बाकावर मला कोण ओळखणार न्हाई?" शेवटी लातूरला जायचं ठरलं. मी जीवशास्त्रवाली म्हणून सोबत मी. एसटीत खिडकीशी बसून त्यांनी अहमदपूरपर्यंत तीनदा भांग पाडला.

लातूरच्या डॉक्टरबाई तरुण होत्या, आवाज हळू, पण बोलणं सरळ. दुर्बीण घालून तपासणी झाली, गाठीचा तुकडा काढला, स्कॅन झाला. मोठ्या आतड्यात डाव्या बाजूला कॅन्सरची गाठ होती आणि यकृतावर तिचे ठिपके उमटले होते. डॉक्टरबाईंनी हे सांगितलं तेव्हा काकूंनी माझा हात धरला. काकांनी शर्टाची कॉलर सारखी केली आणि विचारलं, "डॉक्टरबाई, ह्याने तोंड उतरतं का हो?"

त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. आता वाटतं, माणसाला सगळ्यात मोठी भीती विचारता येत नाही, म्हणून तो तिच्या शेजारची विचारतो.

पुढच्या खेपेला काकूंचा भाऊ आला. उदगीरला त्याचं कापडाचं दुकान, बोलणं कापडाच्या कात्रीसारखं. त्याच्या ओळखीच्या एकाला हैदराबादेत अशाच आजारात अँटीबॉडीचं इंजेक्शन दिलं होतं आणि तो माणूस उठून पुन्हा दुकानात बसला होता. "तेच चालू करा बाई," तो डॉक्टरबाईंना म्हणाला. "तपासण्या करत कशाला बसायलाव? पैशाची फिकीर करू नका."

डॉक्टरबाईंनी त्याला बोलू दिलं. मग टेबलावरचं बेलचं बटण त्याच्यापुढे सरकवलं. "दाबा," म्हणाल्या. त्याने दाबलं. बाहेर बेल वाजली, शिपाई डोकावून गेला.

"गाठीतल्या पेशीच्या अंगावर अशीच बटणं असतात," त्या म्हणाल्या. "बाहेरून कुणी दाबलं की आत हुकूम जातो, वाढा. तुम्ही म्हणता ते औषध जाऊन त्या बटणावर बसून राहतं, कुणाला दाबू देत नाही. बरोबर? पण काही जणांच्या गाठीत आतली वायरच चिकटलेली असते. बटण दाबा की नका दाबू, बेल वाजतच राहते. मग बटणावर बसून काय उपयोग? उलट त्रास तेवढा होतो. तुमच्या पाहुण्यांची वायर कशी आहे ते गाठीच्या तुकड्यावरून कळतं. तो मी तपासायला पाठवलाय. तोपर्यंत साधी किमो सुरू करू. थांबून राहायचं नाही, पण अंदाजाने तीर मारायचा नाही."

भावाने बटण डॉक्टरबाईंकडे परत सरकवलं. काकांना मात्र हे फार पटलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बाई हुशार हाय. आपणही उजेड मोजल्याशिवाय फोटो काढत न्हाई."

औषधाच्या खर्चासाठी काकांचा उदगीरचा प्लॉट विकला गेला आणि त्या विषयावर घरात पुन्हा शब्द निघाला नाही. किमो सुरू झाली. त्या औषधाने थंड काही सोसत नसे. फ्रिजच्या दांड्याला हात लागला तरी बोटांत मुंग्या यायच्या, थंड पाण्याचा घोट घशात काट्यासारखा अडायचा. एवढा उन्हाळा आणि काका कोमट पाणी पीत बसायचे. तोंडाला चव नव्हती, अंगात ताकद नव्हती. तरी पावडर लावायचे.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरबाईंनी आम्हाला बोलावून घेतलं. गाठीच्या जनुकांत वायर चिकटवणारा एकही बदल नव्हता. वायर ठीक होती. त्यातून गाठ आतड्याच्या डाव्या अंगाला. अशा माणसांत हे औषध लागू पडण्याची शक्यता जास्त असते, असं त्या म्हणाल्या. काकूंनी तिथेच खुर्चीत बसून हात जोडले. डॉक्टरबाई पुढे म्हणाल्या, "एक गोष्ट आधीच सांगते. ही बटणं कातडीतल्या पेशींवरही असतात. त्यामुळे अंगावर पुरळ येतं. पुळ्या येतात."

"कुठं?" काकांनी विचारलं.

"छातीवर, पाठीवर, डोक्यात. आणि चेहऱ्यावर. चेहऱ्यावर जास्त."

काका उठून उभे राहिले. "मग राहू द्या," म्हणाले आणि दार उघडून बाहेर गेले.

मला आधी वाटलं, थट्टा करतायत. ती थट्टा नव्हती. यकृतावरचे ठिपके ऐकून जो माणूस हलला नव्हता तो पुळ्यांचं नाव ऐकून बाहेर गेला. परतीच्या एसटीत तिघं एका बाकावर. काकू मध्ये. चाकूर गेलं. अहमदपूरला गाडी थांबली, माणसं चढली-उतरली, गाडी पुन्हा निघाली. मग काकू समोर बघतच म्हणाल्या,

"लग्न ठरवताना तुम्ही मला तुमचा फोटो पाठवला होता. आठवतं का?"

"हाव."

"तो तुम्हीच काढला होता. तुम्हीच घासून-पुसून गोरा केला होता. मी त्या फोटोला हो म्हणले. खरं तोंड अंतरपाट सरकल्यावर बघितलं."

काका हळूच म्हणाले, "लई वाईट होतं का?"

"फोटोइतकं चांगलं न्हवतं," काकू म्हणाल्या. "तरी राहिले ना मी? मग आता चार पुळ्यांनी मला काय होणार हाय?"

लोह्याच्या अलीकडे काका म्हणाले, "मॅडम, डॉक्टरबाईंना फोन लावा."

पहिलं इंजेक्शन झालं. त्या दिवशी डॉक्टरबाईंनी सोबतच्या गोळ्या, मलम, उन्हापासून जपायच्या सूचना दिल्या आणि जाता जाता सांगितलं, "पुरळ आलं की घाबरू नका. ज्यांना चांगलं पुरळ येतं त्यांच्यात औषधही बऱ्याचदा चांगलं काम करतं. खात्री नाही देत मी. नाही आलं म्हणजे संपलं असंही नाही. पण आलं की मला जरा बरं वाटतं."

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं, असं मला पुढचे कित्येक दिवस वाटत राहिलं. कारण दुसऱ्या दिवसापासून काकांनी पुळ्यांची वाट बघायला सुरुवात केली. सकाळी दात घासायच्या आधी आरसा. दुपारी आरसा. दिवे लागले की स्टुडिओतला मोठा दिवा तोंडावर घेऊन आरसा. चेहरा स्वच्छच. मी कॉलेजला निघाले की जिन्याखाली उभे असायचे. हातात निगेटिव्ह तपासायचं जुनं भिंग.

"मॅडम, तुमची नजर विज्ञानाची हाय. हे बघा, कानाजवळ काही हाय का?"

"नाही काका."

"नीट बघा. लालसर वाटून राहिलं."

"तो दिव्याचा उजेड आहे."

मग त्यांचा चेहरा असा पडायचा की मला वाटायचं, खोटं बोलावं. एकदा हनुवटीवर लाल टिपका उगवला. काकांनी बाहेरच्या पानवाल्यालाही दाखवला. संध्याकाळपर्यंत तो खाजवून खाजवून बसला. डास चावला होता. त्या रात्री काका जेवले नाहीत. काकू मला म्हणाल्या, "आयुष्यभर ह्या तोंडावर काही येऊ नये म्हणून जपलं. आता देवाला पुळी मागतो हा माणूस."

आली ती नाकाच्या कडेला. एका शेजारी एक अशा तीन. सकाळी खालून एवढ्या मोठ्याने हाक आली की मला वाटलं, पडले. धावत खाली गेले तर काका बनियनवर दुकानाच्या पायरीवर उभे. भस्म नाही, पावडर नाही, केस विस्कटलेले. गल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्याला नाक दाखवत होते. "आलं बघा! लागू पडून राहिलं!" पानवाल्याला काही कळेना. न्हावी दुकान सोडून बघायला आला. काकांनी त्या दिवशी पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर सांगत, "पुळीचे."

तो आनंद आठवडाभर टिकला. मग पुरळ असं भडकलं की बघवेना. कपाळ, गाल, नाक, मान, सगळीकडे पिकलेल्या पुळ्या, त्यांवर खपल्या. खाज सुटायची. झोपताना उशीला गाल लागला की कळ यायची. बोटांच्या टोकांना चिरा पडल्या, कॅमेऱ्याचं बटण दाबताना ओठ चावायचे. दाढी बंद झाली. कपाळावर भस्म लावलं की आग व्हायची, म्हणून काकू त्यांच्या छातीवर, जिथे कातडी बरी होती तिथे, बोटाने तीन रेघा ओढून द्यायच्या. त्या काही सरळ नसायच्या. काका त्या पुसून पुन्हा ओढायला सांगायचे नाहीत.

एके दिवशी लग्न ठरलेली एक मुलगी आईबरोबर फोटो काढायला आली. काकांनी दिवा लावला, मुलीचा दुपट्टा नीट करायला म्हणून पुढे झाले. तेवढ्यात आईने मुलीचा दंड धरून तिला मागे ओढलं. "हात लावू नका हो," ती म्हणाली. "लग्न तोंडावर आलंय. पोरीला काही लागलं तर?" आणि दोघी निघून गेल्या. मी तेव्हा दुकानात होते. ती बाई दुष्ट नव्हती, घाबरली होती. काकांनी दिवा बंद केला. शटर खाली ओढलं. ते चार-सहा दिवस वर गेलं नाही. लातूरला इंजेक्शनाला जायचं तेवढं गेले, तेही तोंडाला उपरणं बांधून.

डॉक्टरबाईंनी गोळी बदलली, मलम बदललं, इंजेक्शन थोडं पुढे ढकललं. "औषध थांबवायचं का?" त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "थांबवायचं न्हाई. बटणावरून उठायचं न्हाई."

परत आल्यावर त्यांनी मला खाली बोलावलं. स्वतः स्टुलावर बसले, कॅमेरा माझ्या हातात दिला. कुठे उभं राहायचं, काय दाबायचं ते सांगितलं. तोंडावरचं उपरणं काढलं. मी म्हटलं, "दिवा थोडा बाजूला घेऊ का? कमी दिसेल."

"समोरून मारा," ते म्हणाले. "सगळं दिसलं पाहिजे."

त्या फोटोला त्यांनी कुठेच हात लावला नाही. मेलेल्या माणसाला कोट घालणाऱ्या ह्या माणसाने स्वतःची एक खपली पुसली नाही. मोठा करून, फ्रेम करून तो दुकानाच्या काचेच्या शोकेसमध्ये लावला. तोवर तिथे गावातल्या देखण्या नवऱ्या-नवरदेवांचे फोटो असायचे. खाली जाड अक्षरात लिहिलं: "हा मी आहे. मला कॅन्सर आहे. हे पुरळ औषधाचं आहे, कुणाला लागत नाही. दुकान चालू आहे."

आधी लोक थांबून बघायचे आणि पुढे जायचे. मग एकेक आत यायला लागलं. फोटो काढायला थोडे, बोलायला जास्त. कुणाच्या बापाला रक्त जात होतं, कुणाची सासू पोट धरून बसायची आणि सांगायची नाही. काका प्रत्येकाला एकच सांगायचे. पुडी घेत बसू नका, तपासा. मी मूर्खपणा केला, तुम्ही करू नका.

त्यातच एसटीचा एक ड्रायव्हर आला. चाकूरचा, बौद्ध, पन्नाशीचा धिप्पाड माणूस. नांदेड-लातूर गाडी चालवायचा, तीच गाडी ज्यातून आम्ही जायचो. त्यालाही हाच आजार, डॉक्टरबाईही त्याच. पण त्याचा रिपोर्ट उलटा आला होता. तो शोकेससमोर उभा राहून आत आला आणि भांडायच्या आवाजात म्हणाला,

"तुम्हाला ते इंजेक्शन दिलं. मला न्हाई म्हणाल्या. मी काय कमी हाय का?"

काकांनी त्याला खुर्ची दिली. "तुझी वायर चिकटलेली निघाली का?"

"तसंच काहीतरी म्हणाल्या."

"मग ऐक. हे इंजेक्शन तुला दिलं असतं तर माझं हे तोंड तुला मिळालं असतं. बस, एवढंच. गाठीला काही झालं नसतं. उलट तिला फायदा. बाईंनी तुला न्हाई म्हणलं तेव्हा तुझं भलं केलं." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, त्याला दुसरं हाय ना?"

मी सांगितलं. त्याच्यासाठीचं औषधही अँटीबॉडीच होतं, पण वेगळं. गाठ वाढायला लागली की स्वतःसाठी रक्ताच्या नव्या नळ्या काढून घेते, त्या वाढू न देणारं. किमोबरोबर तेही देतात.

ड्रायव्हरने विचारलं, "त्याने पुळ्या येतात का?"

"नाही येत तशा."

"मग कसं कळायचं लागू पडलं का?"

काका म्हणाले, "स्कॅन हाय की. तुझं तोंड चांगलं राहणार हाय, त्याची नाराजी कशाला करतो?" आणि ते दोघं हसले. ड्रायव्हर आधी हसला.

पुढे तो काकांच्या तारखेला आपली तारीख जुळवून घ्यायचा. दोघं दवाखान्यात शेजारच्या पलंगांवर सलाईन लावून पडायचे आणि कुणाच्या गावची भाकरी चांगली यावर वाद घालायचे.

चारेक महिन्यांनी काकांचा स्कॅन झाला. डॉक्टरबाईंनी जुनी आणि नवी फिल्म शेजारी शेजारी धरली. काका स्वतःच फिल्म बघणारे, त्यांना सांगावं लागलं नाही. यकृतावरचे काही ठिपके दिसत नव्हते, राहिलेले आक्रसले होते. "आता हे कापून काढता येतील," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आधी येत नव्हते." ऑपरेशन हैदराबादला झालं, आतड्याचं आणि यकृताचं. मोठं होतं. शुद्धीवर आल्यावर पहिले दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकूंकडे कंगवा मागितला आणि काकू वॉर्डच्या बाहेर येऊन रडल्या.

ते इंजेक्शन सुटलं तसं पुरळ ओसरलं. जाता जाता एक गंमत करून गेलं. त्या औषधाने काहींच्या पापण्यांचे केस वाढतात. काकांचे असे लांब आणि कुरळे झाले की डोळ्यांत जायचे. काकू आठवड्याला छोट्या कात्रीने कापून द्यायच्या. काका डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, "थोडे ठेव. बरे दिसून राहिलेत." काकू म्हणायच्या, "साकु!"

डॉक्टरबाई "बरे झालात" असं कधी म्हणाल्या नाहीत. म्हणतात, "आत्ता काही दिसत नाही." अजून दर काही महिन्यांनी काका तपासायला जातात. ड्रायव्हरचे ठिपके गेले नाहीत, पण वाढलेही नाहीत. औषध चालू आहे आणि मधल्या दिवसांत तो डेपोत हलकं काम करतो.

मला लातूरला नोकरी मिळाली, तसं नांदेड सुटलं. गेल्या महिन्यात कॉलेजच्या कामाने तिकडे गेले तेव्हा दुकानावर डोकावले. शटर अर्धं खाली. काकू आत एकट्याच ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी दारातूनच विचारलं,

"काका कुठं?"

"चाकूरला. त्या ड्रायव्हरच्या पोरीचं लग्न हाय. भल्या पहाटे कॅमेरा घेऊन गेले. मी म्हणले, एवढी पायपीट जमणार न्हाई, पोरगा कुणी पाठवा. तर म्हणाले, त्या मुलीचा फोटो मीच काढणार. डब्बा दिलाय, खाल्ला का न्हाई कोण जाणे." त्या खरोखर वैतागल्या होत्या. काळजीने नाही, नेहमीसारख्या.

आजारपणानंतर त्यांनी लग्नाची ऑर्डर घेतली नव्हती. दिवसभर उभं राहायचं काम. मी तिथूनच फोन लावला. खूप वेळाने उचलला. मागे माणसांचा गलका, कुणीतरी माइकवर सूचना देत होतं.

"काका, मी बोलतेय. तब्येत कशी आहे?"

"तब्येत ठीक हाय हो मॅडम. आत्ता बोलू नका. नवरी पांढऱ्या साडीत हाय, ऊन उतरून राहिलं, पाच मिनिटांत सगळं जाणार. ठेवा."

पण फोन बंद करायला ते विसरले, तसाच खिशात टाकला असावा. काकू ज्वारी निवडणं थांबवून जवळ सरकल्या, मी स्पीकर लावला. चाकूरच्या मांडवातला त्यांचा आवाज दुकानात भरला, दमलेला, खणखणीत, चिडलेला:

"अहो नवरदेव, इकडं सरका! तिच्या बापाला मध्ये येऊ द्या! हां, या ड्रायव्हरसाहेब, आता हसा!"